लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया: शेवटचा उपाय की वेळेवरचा उपचार?

मृदगंध (धागाकर्ती):

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की ‘तोंडावर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतले’ असे आपल्याकडे अजूनही सर्रास बोलले जाते. ते बोलणे मला अन्यायाचे वाटते, पण या धाग्याचा मुद्दा त्याहून नेमका आहे. ज्यांना लठ्ठपणाबरोबर टाइप २ मधुमेहही आहे, त्यांची शस्त्रक्रिया ‘बाकी सगळे करून थकलात की मग बघू’ म्हणत वर्षानुवर्षे लांबवली जाऊ नये आणि विमा मंजूर करण्याचा निकष भारतीय शरीराला धरून असावा, असे माझे ठाम मत आहे.

निकषापासूनच सुरुवात करते. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. जागतिक व्याख्येनुसार तो ३० झाला की लठ्ठपणा धरतात, पण आपल्याकडे २५ लाच धरावा असे भारतीय तज्ज्ञांचे म्हणणे आहे. यामागे पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे मोठे काम आहे. २००४ साली त्यांनी आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचे स्वतःचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांमध्ये ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या माणसाच्याही पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठते, आणि म्हणूनच मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार आपल्याला कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावे, असे सांगितले जाते ते याचसाठी.

आता शस्त्रक्रियेच्या मर्यादा पाहा. भारतीय शल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोबत दुसरा आजार असल्यास बीएमआय ३२.५ ला आणि नसल्यास ३७.५ ला शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींमध्ये मात्र हेच आकडे ३५ आणि ४० आहेत, आणि ३५ ची सवलतही अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणे) अशा मोजक्या आजारांनाच मिळते. १६० सेंटिमीटर उंचीच्या मधुमेही बाईचे वजन ८४ किलो असेल, तर डॉक्टरांच्या दृष्टीने ती पात्र ठरते, पण मेडिक्लेमसाठी तिला आणखी सहा किलो वाढवावे लागतील. आजारी माणसाला अधिक आजारी होण्याची वाट पाहायला लावणारा असा नियम मला दुसऱ्या कोणत्याही उपचाराच्या बाबतीत आठवत नाही.

शस्त्रक्रियेच्या प्रकारांबद्दल थोडक्यात लिहिते. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. भुकेची जाणीव वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोहोचल्याने आतड्यातील संप्रेरकांचे गणित बदलते, आणि वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, रक्तातील साखर खाली येऊ लागते. एकाच जोडणीचा ‘मिनी बायपास’ही आपल्याकडे बराच केला जातो. जठराला आतून बांधायचा पट्टा आता मागे पडला आहे, आणि जठरात ठेवायचा फुगा हा साधारण सहा महिन्यांचा तात्पुरता उपाय असून त्यात कापाकापी नसते.

स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा पाठपुरावा केला गेला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. एवढा पुरावा दुसऱ्या कोणत्याही आजारात असता, तर आपण रुग्णाला ‘आधी मनाचा निग्रह करा’ असे सांगितले असते का?

नीरक्षीर:

तुमची कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. तुम्ही दिलेला स्वीडनचा अभ्यास पुढेही वाचायला हवा. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सर्वसाधारण लोकांपेक्षा तरीही साधारण साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शिवाय त्यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया आज जवळपास कोणी करत नाही अशा जुन्या पद्धतीच्या होत्या, त्यामुळे तो आकडा उचलून आजच्या स्लीव्हच्या नावावर मांडता येत नाही.

मधुमेहाचेही तसेच आहे. अमेरिकेतील ‘स्टॅम्पीड’ चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६ टक्के किंवा त्याखाली राखण्यात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के लोक यशस्वी ठरले. औषधांपेक्षा हे कितीतरी चांगले आहे, यात वाद नाही. पण दहापैकी सात जण ते उद्दिष्ट गाठू शकले नाहीत, हेही त्याच निकालात लिहिले आहे, आणि ‘मधुमेहातून कायमची मुक्ती’ अशा जाहिराती वाचून येणाऱ्या रुग्णाला ते कोणी सांगत नाही.

माझा खरा आक्षेप शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याबद्दल आहे. बी १२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. सुरुवातीच्या महिन्यांत सतत उलट्या होत राहिल्या आणि थायमिन (बी १ जीवनसत्त्व) कमी पडले, तर मेंदूला व नसांना इजा होऊ शकते. भराभर वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होतात. स्लीव्हनंतर अनेकांची जळजळ वाढते, आणि टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर जिवावर बेतते. नांदेड किंवा गडचिरोलीहून पुण्या-मुंबईत येऊन शस्त्रक्रिया करून गेलेला रुग्ण तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी तपासणीला कुठे जाणार आहे? गावातल्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेलाही नसतो, आणि जीवनसत्त्व कमी पडून येणाऱ्या हातापायांच्या मुंग्यांवर ते सवयीने वेदनाशामक गोळी लिहून देतात. बायपासच्या रुग्णाला तीच गोळी जोडणीपाशी व्रण करू शकते. काढून टाकलेले जठर परत बसवता येत नाही, त्यामुळे घाईची किंमत रुग्णच मोजतो.

डोंगरवाट:

वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन सेमाग्लुटाइडने चाचण्यांमध्ये सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपटाइडच्या वरच्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. २०२५ पासून ती दोन्ही भारतात लठ्ठपणासाठी मिळू लागली आहेत. कापण्याआधी हा मार्ग का नको?

मृदगंध:

डोंगरवाट, तो मार्ग जरूर असावा. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आले, असे त्यातल्या एका चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणजे इंजेक्शन दीर्घकाळ, कदाचित जन्मभर घ्यावे लागणार, आणि दर महिन्याचा तो खर्च मध्यमवर्गीय घराला किती वर्षे झेपेल याचा हिशेब करूनच निर्णय घ्यावा लागेल.

नीरक्षीर, तुम्ही सांगितलेले धोके खरे आहेत. पण अनियंत्रित मधुमेहात दहा वर्षे काढणे हाही धोकाच आहे. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि पाय यांची हानीसुद्धा परत भरून येत नाही. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे सुरक्षित राहणे, हे तुमच्या मांडणीतले गृहीतक मला पटत नाही.

पिंपळपान:

माझ्या थोरल्या बहिणीची स्लीव्ह झाली आहे, त्यामुळे घरातले पाहिलेले सांगते. पहिले दोन आठवडे ती डाळीचे पाणी, पातळ ताक आणि गाळलेले सूप लहान चमच्याने घेत असे. नंतर मऊ भात आणि कुस्करलेले पनीर सुरू झाले. आज तिचे जेवण म्हणजे अर्धी पोळी, वाटीभर उसळ आणि दही. त्याला तिला अर्धा तास लागतो, आणि जेवताना ती पाणी पीत नाही. ताटात आधी प्रथिने संपवायची असा तिच्या आहारतज्ज्ञांचा दंडक आहे, कारण शाकाहारी माणसाला एवढ्याशा पोटात दिवसाची साठेक ग्रॅम प्रथिने बसवणे फार अवघड जाते.

तिचे इन्सुलिन बंद झाले, रात्रीचे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे थांबले, आणि गुडघे धरून जिना चढणारी बाई आता सरळ चढते. जळजळीची गोळी मात्र कायमची मागे लागली आहे, आणि पहिल्या वर्षी केस इतके गळले की ती रडायची. तिला सर्वांत जास्त त्रास दिला तो आग्रहाने. लग्नात कोणीतरी पानात जिलेबी वाढते, ‘एकाने काय होतंय’ म्हणते, आणि नको म्हटले की सगळ्या पंगतीसमोर कारण विचारते. तरीही, हा निर्णय पाच वर्षे आधी घ्यायला हवा होता, असे ती आजही सांगते. मी मृदगंध यांच्या बाजूची आहे.

काळीमाती:

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील जवळपास दर चौथी प्रौढ स्त्री आणि थोडे कमी पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. एवढ्या लोकांवर शस्त्रक्रिया करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. शाळेबाहेरची पाकिटे, गोड पेये आणि चालायला जागा न उरलेले रस्ते यांवर आधी बोलायला हवे. दोनदा जेवावे की दर दोन तासांनी खावे, यावर महाराष्ट्रात घरोघरी कडाक्याचे वाद झाले, पण मुलांना खेळायला मैदान का नाही, यावर तेवढ्या हिरीरीने कोणी भांडले नाही.

मृदगंध:

प्रतिबंधाबद्दल मी पूर्ण सहमत आहे. पण ज्याचा बीएमआय आज ३८ आहे, त्याला मैदानाचे धोरण सांगून परत पाठवता येणार नाही.

नीरक्षीर:

पिंपळपान, तुमच्या बहिणीला आहारतज्ज्ञ मिळाल्या, तपासण्या झाल्या आणि घर पाठीशी उभे राहिले. माझा मुद्दा नेमका तोच आहे. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी मी बोलतो आहे.

मर्यादा कशा सरकत गेल्या तेही पाहा. १९९१ च्या अमेरिकी निकषात बीएमआय ४०, आणि सोबत आजार असल्यास ३५ होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांना २७.५ पासून शस्त्रक्रिया देऊ करावी असे म्हटले. म्हणजे तुमच्या उदाहरणातली १६० सेंटिमीटर उंचीची बाई अवघ्या सत्तर किलोंवर पात्र ठरेल. आपल्या शरीरात चरबी जास्त, हा याज्ञिकांचा निष्कर्ष लवकर निदान करण्यासाठी वापरावा. तो लवकर कापण्याचा परवाना होता कामा नये. विम्याची अट ३२.५ वर आणायला माझी एकाच अटीवर हरकत नाही. त्याच पॉलिसीत किमान दहा वर्षांच्या रक्ततपासण्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला यांचा खर्च असावा. आज बहुतेक मेडिक्लेममध्ये रुग्णालयात दाखल न होता होणारा खर्च बसतच नाही, म्हणजे शस्त्रक्रियेला पैसे मिळतात आणि ती निभावायला मिळत नाहीत.

मृदगंध:

२७.५ ची मागणी मी केलेली नाही आणि करणारही नाही. माझी मागणी मधुमेह असलेल्यांसाठी ३२.५ ची आहे. पाठपुराव्याचा खर्च विम्यात असावा, ही तुमची सूचना मला पटली, आणि ती मी माझ्या मागणीला जोडते. मात्र ती अट पूर्ण होईपर्यंत मर्यादा खाली आणू नये, हे मला मान्य नाही. पाठपुराव्याची तरतूद व्हायला वर्षे लागतील, आणि ८४ किलो वजनाच्या त्या बाईची साखर तोवर थांबणार नाही.

नीरक्षीर:

इथे आपले मतभेद राहतील. मी तिला आधी तिच्या तालुक्यात बी १२ आणि लोहाची तपासणी कुठे होते, हे विचारेन आणि त्याचे उत्तर मिळाल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला सांगेन.