मदत हवी आहे: न्यूरोलॉजिस्टकडची दहा मिनिटं वाया जातायत

नमस्कार मंडळी,

बाबा ७२ वर्षांचे, बार्शीला असतात. पार्किन्सन्सचं निदान होऊन चार वर्षं झाली. मी पुण्यात. दर चार महिन्यांनी आई-बाबा एसटीने इकडे येतात, न्यूरोलॉजिस्टना दाखवायला. (दोघांनाही अर्धं तिकीट, त्या प्रवासातलं तेवढंच सुख.) पुढची अपॉइंटमेंट येत्या गुरुवारी साडेअकराची. मागच्या खेपेला साडेअकराचे दोन वाजले होते.

अडचण अशी. घरी सकाळी बाबांना पलंगावरून संडासापर्यंत जायला धरावं लागतं. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. उजवा हात असा हलतो की चहा पोटात कमी, सदऱ्यावर जास्त. आणि केबिनमध्ये शिरले की गडी ताठ! दाणदाण चालून दाखवतात. "कसं वाटतंय काका?" "एकदम झकास!" आई माझ्याकडे बघते, मी आईकडे. डॉक्टर म्हणतात, छान, गोळ्या तशाच चालू ठेवा. बाहेर लिफ्टच्या दारात पाय पुन्हा चिकटतात.

यात थोडा आमचाही हात आहे. लिव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी चार वेळा असते. चारचौघांत बाबांची फजिती नको म्हणून दुसरी गोळी आम्ही नंबर लागायच्या तासभर आधी देतो. मग आता त्या दिवशी गोळी न देताच न्यावं का, म्हणजे डॉक्टरांना खरं काय ते दिसेल?

बाबा आयुष्यभर आडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे गोळ्यांची वही स्वतःच लिहितात. पण पहिल्या ओळीनंतर अक्षर इतकं बारीक होत जातं की तिसरी ओळ भिंग लावूनही लागत नाही. ती वही डॉक्टरांपुढे ठेवून काय उपयोग?

आणि एक नाजूक गोष्ट. दोन महिन्यांपासून बाबा कुणा नातेवाइकाने दिलेलं खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण घेतायत. आईला बजावलंय, डॉक्टरांना बोलायचं नाही. सांगावं का? आणि सांगायचं तर बाबांना न दुखावता कसं?

रात्रपाळी:
ताई, आधी पहिलं. गोळी स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. अचानक बंद केली तर अंग लाकडासारखं होऊन ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. मेंदूत तार बसवायच्या ऑपरेशनआधी रात्रभर गोळी बंद ठेवून तपासतात खरं, पण ते डॉक्टर सांगतात तेव्हाच. वेळ पुढेमागेही करू नका. घरी ज्या वेळेला देता त्याच वेळेला द्या आणि शेवटची गोळी किती वाजता दिली ते केबिनमध्ये आपणहून सांगा. डॉक्टरांना तेवढ्यावरून कळतं की समोर दिसतंय ते गोळीचं काम आहे. वाट बघताना पुढच्या गोळीची वेळ झाली तर रिसेप्शनला विचारत बसू नका, पाण्याबरोबर देऊन मोकळ्या व्हा. दुधाबरोबर नको, प्रथिनांमुळे गोळी नीट लागू पडत नाही.

खरं काय ते दाखवायला मोबाइल आहे की. सासऱ्यांचे आम्ही अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ काढले: खुर्चीतून उठणं, दारातून वळणं, कप उचलणं. एकदा सकाळच्या गोळीआधी, एकदा गोळीनंतर तासाने. काढताना किती वाजले ते मोठ्याने बोलायचं. डॉक्टरांनी दोनच बघितले आणि गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. चार वर्षं जे तोंडाने सांगत होतो ते एका मिनिटात झालं.

वही मात्र न्याच! अक्षर बारीक होत जाणं हे याच आजाराचं लक्षण आहे. चार वर्षांपूर्वीचं एखादं पान सोबत ठेवा. तासातासाची नोंद आईंना करू दे, बाबांना नको. कागदावर तास लिहायचे आणि पुढे एकच शब्द: चाललं, अडलं किंवा वळवळ (गोळी जास्त झाली की अंग आपोआप हलतं ते). तीन दिवसांचं पुरतं.

सोलापूरकर:
चूर्णाचं सांगाच. खाजकुयलीच्या बियांत मुळात लिव्होडोपाच असतं. म्हणजे बाबा गोळीवर गोळी घेतायत, फक्त किती ते कुणालाच माहीत नाही. उद्या डॉक्टरांनी डोस वाढवला तर?

अजून एक, बसचा प्रवास म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना वाटेत उलट्या झाल्या, तिथल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. दोन दिवस माणूस कुशीवर वळेना. हे औषध आणि चक्करवरचं प्रोक्लोरपेराझिन, दोन्ही पार्किन्सन्सवाल्यांना चालत नाहीत. उलटीसाठी कोणती गोळी चालेल ते गुरुवारी विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या. आम्ही ते शहाणपण इंजेक्शननंतर शिकलो.

दर वेळेला एवढा प्रवास तरी कशाला? टेलिमेडिसिनचे २०२० चे नियम आहेत. प्रत्यक्ष दाखवल्यापासून ६ महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी व्हिडिओवर दाखवलं तर तो फॉलो-अप धरतात. आमचे डॉक्टर एक आड एक भेट तशी घेतात. विचारून बघा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. रिसेप्शनला फोन केला. साडेनऊचा पहिला नंबर मिळाला, त्यामुळे आई-बाबा बुधवारीच माझ्याकडे मुक्कामाला येतायत.

चूर्णाचं बाबांशी मीच बोलले. म्हटलं, यातही तेच औषध आहे म्हणे, डॉक्टरांना दाखवलं तर हिशेब नीट लागेल. हिशेब शब्द ऐकल्यावर दिवाणजी गप्प झाले. रात्री आईचा फोन, डबा त्यांनी स्वतःच पिशवीत ठेवलाय, आणि वर चिठ्ठी: रोज दोन चमचे.

व्हिडिओचं मात्र फसलं. दादाने आज सकाळी मोबाइल समोर धरला आणि बाबा उंबरा ओलांडून थेट अंगणात! वर विचारतात, "आलं का नीट?" आता त्यांना सांगून ठेवलंय की व्हिडिओ काढणार आहोत, पण कधी ते सांगितलेलं नाही. मोबाइल उद्या पहाटेच टीव्हीशेजारी उभा राहील.