आरबीडीचा डेटा जमोवीत टाकला. एका ठिकाणी एफच येत नाही, दुसरीकडे सगळंच सिग्निफिकंट

कपाशी_एमएस्सी, नागपूर

नमस्कार. ॲग्रोनॉमीचा प्रबंध आहे. कपाशी, ८ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन, आरबीडी (दर रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक ट्रीटमेंट एकदाच, चिठ्ठ्या टाकून). दर प्लॉटात खुणेची ५ झाडं, त्यांची बोंडं मोजली. कापूस ३ वेचण्यांचा, किलोत. फुलकिडे प्रत्येक झाडाच्या ३ पानांवर. ट्रीटमेंट ५ चा दुसऱ्या रेप्लिकेशनमधला प्लॉट रोह्यांनी (नीलगायींनी) तुडवला, त्यामुळे त्याची तिसरी वेचणी नाही.

विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून जमोवी हे आकडेशास्त्राचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. उत्पन्नाचा एनोव्हा (ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा, ते तपासणारा तक्ता) लावला तर एफ आणि पी च्या जागी काहीच नाही. बोंडांचा लावला तर ट्रीटमेंट, रेप्लिकेशन, दोघांचा गुणाकार, सगळं सिग्निफिकंट. गाइडना सीडी (दोन सरासऱ्यांत किमान किती फरक असला की तो खरा धरायचा, तो आकडा) पाहिजे, ती तर कुठंच दिसत नाही. सरळ आर ही आकडेमोडीची भाषा शिकून घेऊ का?

वऱ्हाडी आकडे

ताई, सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. आरमध्येही तोच मॉडेल दिला तर तेच उत्तर येईल.

आधी उत्पन्नाचं. जमोवीत दोन फॅक्टर टाकले की ते आपण होऊन त्यांचा गुणाकार, म्हणजे इंटरॅक्शन, मॉडेलमध्ये धरतं. आरबीडीत एका ट्रीटमेंटचा एका रेप्लिकेशनमध्ये एकच प्लॉट असतो. उरलेले सगळे डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम) इंटरॅक्शनने खाल्ले तर एररला, म्हणजे प्लॉटांमधल्या आपोआपच्या फरकाला, उरतो शून्य. भागायला काही नाही, म्हणून एफ नाही. खाली ‘मॉडेल’ नावाची पट्टी उघडा, उजवीकडच्या यादीतून ट्रीटमेंट-गुणिले-रेप्लिकेशन ही ओळ निवडा आणि बाणाने परत डावीकडे पाठवा. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच घोळ होतो, तिथे मॉडेलमध्ये जाऊन फक्त मेन इफेक्ट्स घ्यावे लागतात.

आता बोंडं. तुमच्या एररचा डीएफ ९६ दिसत असेल, बघा. तसं असेल तर १२० झाडांच्या १२० ओळी टाकल्या आहेत. ट्रीटमेंट झाडाला दिली नव्हती, प्लॉटला दिली होती. एकाच प्लॉटातली ५ झाडं म्हणजे ५ रेप्लिकेशन नव्हेत. एरर खोटा लहान होतो आणि सगळं सिग्निफिकंट दिसतं. ५ झाडांची सरासरी काढा, प्लॉटमागे एक ओळ ठेवा. २४ ओळी झाल्या की तक्ता असा यायला हवा: रेप्लिकेशन २, ट्रीटमेंट ७, एरर १४, एकूण २३. हे चार आकडे जुळेपर्यंत पी कडे बघूच नका. डीएफचा रकाना तक्त्यात सगळ्यांत कंटाळवाणा दिसतो, पण चूक तिथेच सापडते.

शीटची मांडणी: चार रकाने पुरे. ट्रीटमेंट, रेप्लिकेशन, बोंडं, उत्पन्न. जोडलेले खण नकोत, मधे रिकामी ओळ नको, तळाशी सरासरीची ओळ तर अजिबात नको, ती पंचविसावा प्लॉट म्हणून धरली जाते. आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंकांना पुष्कळ सॉफ्टवेअर अक्षर समजतं आणि अख्खा रकाना मजकूर होऊन बसतो.

बर्डीचा बी-स्टॅट

वरचं बरोबर. त्या तुडवलेल्या प्लॉटाबद्दल मात्र कोणी बोललं नाही.

ताई, तीन वेचण्यांची बेरीज एक्सेलने केली ना? एक्सेल रिकामा खण सोडून उरलेल्यांची बेरीज देतं. म्हणजे त्या प्लॉटाचं उत्पन्न दोनच वेचण्यांचं लागलं आणि ट्रीटमेंट ५ उगाच मार खाऊन राहिली. एकूण उत्पन्नाचा तो खण रिकामा सोडा. शून्य नाही, आडवी रेघ नाही, रिकामा. मग उत्पन्नाच्या तक्त्यात एरर १३ आणि एकूण २२ येईल, ते बरोबर आहे. जमोवी आपण होऊन टाइप ३ (प्रत्येक फॅक्टरचा हिशोब बाकीचे धरून) घेतं, त्यामुळे क्रमाची भानगड नाही. आरमधलं एनोव्हाचं साधं फंक्शन, एओव्ही, क्रमाने वाटणी करतं, तिथे रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहावं लागतं. प्रबंधात सरासरी छापताना साधी नको, ‘एस्टिमेटेड मार्जिनल मीन्स’ मधली, म्हणजे रिकामा प्लॉट हिशोबात धरून दुरुस्त केलेली, घ्या.

किलोचं क्विंटल करताना नेट प्लॉट (कडेच्या ओळी सोडून उरलेला) धरा, ग्रॉस नाही. नेट प्लॉट ४.८ बाय ३.६ मीटर असेल तर क्षेत्र १७.२८ चौरस मीटर. १०,००० ला त्याने भागलं की ५७८.७. प्लॉटात २.६ किलो आला तर हेक्टरी १,५०५ किलो, म्हणजे १५.०५ क्विंटल.

फुलकिडे मोजलेले आहेत, तेव्हा तसेच लावू नका. सरासरी वाढते तशी त्यांची पसरणही वाढते. प्लॉटची पानामागे सरासरी काढा, तीत ०.५ मिळवा, मग वर्गमूळ. क्रम हाच. एनोव्हा आणि सीडी वर्गमूळांवर. तक्त्यात मूळ सरासरी आणि कंसात वर्गमूळ. वर्गमूळावरची सीडी घेऊन मूळ सरासऱ्यांमधला फरक मोजला की गडबड झाली, आणि ही चूक छापील प्रबंधांतही दिसते.

कपाशी_एमएस्सी, नागपूर

ओळ काढली, बोंडांचा एरर १४ आला. उत्पन्नाचा १३. खरंच १२० ओळी टाकल्या होत्या. आता सीडी कुठून काढू? आणि लेव्हेन टेस्टवर (गटांची पसरण सारखी आहे का ते बघणारी) टिचकी मारली तर आकडाच देत नाही.

वऱ्हाडी आकडे

लेव्हेन सोडा. प्रत्येक खणात एकच आकडा आहे, त्यात पसरण कशाची मोजणार? क्यू-क्यू प्लॉट (एरर नॉर्मल आहेत का ते दाखवणारा आलेख) बघा. ठिपके रेघेच्या आसपास असले तर चालतं. एखादा फार लांब गेला तर आधी वहीतला आकडा तपासा, बहुतेक टिंब चुकलेलं असतं.

सीडी जमोवी छापत नाही, पण सामान सगळं देतं. पोस्ट हॉकमध्ये, म्हणजे जोडीजोडीच्या तुलनेत, ट्रीटमेंट घ्या, ‘नो करेक्शन’ वर खूण करा. ८ ट्रीटमेंटच्या २८ जोड्या येतील. त्यातला एसई चा रकाना म्हणजेच आपला एसई-डी (दोन सरासऱ्यांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर). बोंडांसाठी तो सगळ्या जोड्यांना सारखा असेल. त्याला टी-तक्त्यातल्या १४ डीएफच्या, ५ टक्क्यांच्या आकड्याने, २.१४५ ने, गुणा. झाली सीडी. हाताने पडताळा: एरर मीन स्क्वेअर समजा ४.८ आहे. ३ ने भागून वर्गमूळ १.२६, हा एसई-एम (एका सरासरीची स्टँडर्ड एरर). दुप्पट करून ३ ने भागून वर्गमूळ १.७९, हा एसई-डी. सीडी ३.८४. सरासरी ३० बोंडं असतील तर सीव्ही (एररची पसरण सरासरीच्या टक्क्यांत) ७.३ टक्के.

उत्पन्नात ट्रीटमेंट ५ च्या ७ जोड्यांचा एसई-डी मोठा दिसेल, उरलेल्या २१ चा सारखा. तिथे दोन सीडी द्याव्या लागतात, टी २.१६० धरून. तक्त्याखाली एक ओळीची टीप टाका.

टी एक्सेलमधून काढणार असाल तर सांभाळून. टीआयएनव्ही बिनटिंबाचं लिहिलं तर दोन बाजूंचं, २.१४५. टी नंतर टिंब दिलं तर एका बाजूचं, उणे १.७६१. टिंबाने सीडीच उणे येते.

बर्डीचा बी-स्टॅट

एफ सिग्निफिकंट नसेल तर सीडी छापायचीच नाही, एनएस (नॉन-सिग्निफिकंट) लिहायचं. २८ जोड्यांत काहीच फरक नसला तरी ५ टक्क्यांनी दीडेक जोडी उगाच लागते. परीक्षक टुकी (जास्त कडक तुलना) मागणारा निघाला तर त्याच पोस्ट हॉकमध्ये टुकीची खूण आहे.

आर आत्ता नको. निरीक्षणं वीस-पंचवीस झाली आणि तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागलं की मग घ्या. जमोवीच्या तीन टिंबांच्या मेनूत ‘सिंटॅक्स मोड’ आहे, तो चालू केला की प्रत्येक तक्त्यावर त्याचा आरमधला कोड दिसतो. तिथून उचलून शिकायला बरं पडतं. एकच लक्षात असू द्या: आरमध्ये रेप्लिकेशनला नुसते १, २, ३ दिले आणि फॅक्टर केलं नाही तर डीएफ २ ऐवजी १ येतो, एरर १५ होतो आणि कुठलाही इशारा मिळत नाही. म्हणून शीटमध्येच आर१, आर२, आर३ लिहून टाका.

पडताळ्यासाठी बोंडांचे २४ आकडे हिसारच्या कृषी विद्यापीठाच्या ऑपस्टॅटमध्ये टाकून बघा. फुकट आहे, ऑनलाइन चालतं, सीडी आणि एसई-एम थेट देतं. दोन्हीकडचा एरर मीन स्क्वेअर दुसऱ्या दशांशापर्यंत जुळला पाहिजे.