भरलेल्या पिकअपचे खरे ॲव्हरेज
प्रश्न: संत्र्याचे क्रेट भरून वरुडहून नागपूरच्या कळमना बाजारात जाणाऱ्या आमच्या डिझेल पिकअपचे ॲव्हरेज कंपनीच्या आकड्यापेक्षा बरेच कमी पडते. हा गाडीचा दोष समजावा काय?

उत्तर १: नसावा. तो आकडा प्रयोगशाळेत, चाके रोलरवर फिरवून, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने काढलेला असतो. तेथे खड्डे नसतात आणि गावोगावचे गतिरोधकही नसतात. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर लिहावेत, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी व मधल्या किलोमीटरना तेव्हा भरलेल्या लिटरनी भागावे; तेच खरे ॲव्हरेज.

उत्तर २: आमचा माल कापूस. तो वजनाला हलका असला, तरी टपाच्या वर रचला की वारा अडतो आणि वेग दुप्पट झाल्यास हवेचा रोध चौपट होतो. म्हणून ताडपत्री घट्ट आवळून सावकाश जाणेच परवडते.

उत्तर ३: चाकांतील हवाही भारानुसार ठेवावी, जे आमच्याकडे सहसा कोणी करत नाही.