मदत हवी आहे: कोयना प्रकल्पावरच्या आमच्या आजोबांच्या आठवणींची पुस्तिका

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा, सगळ्या घरादाराचे आप्पा, गेल्या श्रावणात गेले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि १९९७ साली उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. जवळजवळ सगळी नोकरी कोयना प्रकल्पावर. आधी कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून अलोरे. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका छापायची ठरलं आहे. मजकूर जमवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी अडले आहे.

आधी माणूस कसा होता ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. आप्पांची सगळी थट्टा धरणाच्या भाषेत चालायची. आम्हा नातवंडांपैकी कोणी रडायच्या बेतात असलं की म्हणायचे, "पाणलोट क्षेत्रात पाऊस दिसतोय." भोकाड पसरलं की, "सहाही दरवाजे उघडले बरं का, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं!" चहा बशीत सांडला की सांडवा वाहू लागला. महिनाअखेरीला आजीने बाजाराचे पैसे मागितले की पाकीट उघडून दाखवायचे, "आता फक्त मृतसाठा आहे, त्याला हात लावायची परवानगी मुंबईहून आणावी लागते." जुलै लागला की सकाळी पेपरात सगळ्यात आधी कोयनेची पातळी बघायची. १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) हा भरलेल्या धरणाचा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता.

आणि हे नुसतं विनोदापुरतं नव्हतं. कुठलीही गोष्ट समजावून सांगायला त्यांना मनापासून आवडायचं. मार्च १९९९ मध्ये कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग झालं तेव्हा ते निवृत्त होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, तरी आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. जलाशय रिकामा न करता खालून बोगदा खणत न्यायचा, तळाशी खडकाचा शेवटचा तुकडा ठेवायचा आणि तो सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घ्यायचं, हे त्यांनी दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि आमच्या शाळेच्या रिक्षावाल्या काकांना थांबवून थांबवून सांगितलं होतं. कोळकेवाडीच्या धरणावर नेलं की हमखास म्हणायचे, "पोफळीच्या वीजगृहात एकदा राबलेलं पाणी इथे अडवून परत कामाला लावलंय. सरकारी खात्यात दोनदा काम करणारं एवढंच."

आता अडचण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आप्पा आणि आजी कोयनानगरला वसाहतीत राहत होते. नुकतंच लग्न झालेलं. आम्ही तो किस्सा जन्मभर एकाच प्रकारे ऐकला: "भूकंपाने मला पलंगावरून खाली उतरवलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी पुन्हा लेटमार्क लागला असता." सगळे हसायचे. आजीसुद्धा हसायची आणि उठून आत जायची.

कपाट आवरताना त्यांच्या त्या वर्षीच्या डायऱ्या मिळाल्या. ११ तारखेनंतर कित्येक पानं नुसती मोजमापं आहेत: कुठल्या मोनोलिथला (धरणाची भिंत ज्या उभ्या ठोकळ्यांची बनते त्यातला एक), कुठल्या पातळीवर, किती लांब भेग. धरणाच्या जलाशयाविरुद्धच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीच्या आसपास भेगा पडल्या होत्या, हे मला आता वाचून कळलं. भिंत उभी राहिली, पण वसाहतीतली घरं कोसळली आणि परिसरात सुमारे १८० माणसं गेली. त्या इंग्रजी आकड्यांच्या मधे, एका पानावर, मराठीत एकच ओळ आहे: "आज शेजारचं घर उपसलं. जेवण गेलं नाही." पुढच्या पानावर परत मोजमापं.

आत्याचं म्हणणं, पुस्तिकेत फक्त हसरे आप्पा असावेत, लोकांना ते तसेच आठवतात. मला ती ओळ घ्यावीशी वाटते. ज्याने ते घर उपसलं त्यानेच पुढे आयुष्यभर लेटमार्कचा विनोद सांगितला, आणि हे दोन्ही एकत्र आलं नाही तर आमचे आप्पा पुस्तिकेत अर्धेच येतील, असं मला फार वाटतं. पण आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला न विचारता छापणं मला जमणार नाही, आणि विचारायचं कसं ते सुचत नाही. तुमच्यापैकी कोणी घरातल्या वडीलधाऱ्यांशी अशा प्रसंगांबद्दल बोललं आहे का? १९६७ चा भूकंप, १९६१ चा पानशेतचा पूर, किल्लारी, काहीही. सुरुवात कुठून केली? रेकॉर्डिंग करावं की नुसतं ऐकावं?

दुसरी मदत वस्तूंबद्दल. चिकट पानांच्या अल्बममध्ये वसाहतीचे कृष्णधवल फोटो आहेत, ते निघत नाहीत. नकाशांच्या काही अमोनिया प्रिंट (जुन्या पद्धतीने काढलेल्या नकला) आहेत, घड्यांवर विरलेल्या आणि फिकट होत चाललेल्या. आणि एक कॅसेट, काकाने आप्पांच्या निवृत्तीच्या सुमारास टेप केलेली. तिच्या फितीवर पांढरी बुरशी दिसते. त्यात त्यांचं हसणं आहे, असं काका सांगतो.

तिसरं, कोयनानगर, पोफळी किंवा अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेलं इथे कोणी असेल तर तिथल्या आठवणी हव्या आहेत. आप्पांबद्दलच हव्यात असं नाही. गणपतीतली नाटकं, दुपारचे सुरुंगाचे आवाज, क्लबातला कॅरम, चिपळूणहून येणारा बाजार, जे आठवेल ते.

भर (प्रतिसादांनंतर):

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. कॅसेट अजिबात वाजवायची नाही, बुरशी आधी साफ करून घ्यायची, नाहीतर फीतही जाते आणि प्लेअरही, हे वेळेवर कळलं. पुण्यात हे काम करणारे एकजण सापडले आहेत, त्यांच्याकडे देत आहे. जे फोटो निघत नाहीत ते ओढायचे नाहीत, पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करायचे, तसंच करतेय. नकाशे लॅमिनेट करायचा काकाचा बेत रद्द केला. चिकटपट्टीही लावणार नाही. उजेडापासून लांब, सपाट ठेवले आहेत आणि त्यांचे फोटो काढून घेतले आहेत.

आजीबद्दल एका ताईंनी लिहिलं की भूकंपाचं विचारू नका, त्या घराचं विचारा: चूल कुठे होती, पाणी कुठून यायचं, शेजारी कोण होतं. काल तसंच विचारलं. मोबाइल बंद ठेवला होता. आजी बराच वेळ बोलली. शेजारच्या घराबद्दलही बोलली, नावं घेऊन. डायरीतली ओळ दाखवली तेव्हा तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "छाप. लेटमार्कचं पण छाप, त्याच्याच खाली." आत्याशी तीच बोलणार आहे.

वसाहतीच्या आठवणी अजून हव्या आहेत. छपाईला देण्याआधी महिनाभर हातात आहे. इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटो पाठवणार असाल तर साल आणि जागा आठवेल तेवढी जरूर लिहा. अलोऱ्याच्या वसाहतीतल्या १९८० च्या आसपासच्या गणेशोत्सवाचा एखादा फोटो कोणाकडे असेल तर फारच बरं होईल. त्या वर्षी आप्पांनी नाटकात काम केलं होतं असं आजी म्हणते आणि आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही.