बोटांच्या मुंग्या आणि हृदय
वयानुसार अवयवांत साठणारा कचरा काढ्याने धुवून निघतो, असा दावा काहीजण करतात. कृपया कुणा वडीलधाऱ्यांना यावर विसंबू देऊ नका. यकृतात तयार होणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन उतारवयात सुटं होऊन चुकीचं दुमडतं, त्याचे सूक्ष्म तंतू हृदयाच्या स्नायूत साचतात आणि हृदय ताठरतं. अनेकदा काही वर्षं आधी हेच तंतू मनगटात साठून तिथली नस दाबत असतात, म्हणून बोटांना मुंग्या येतात!

नौपाड्यातल्या आमच्या काकांच्या दोन्ही हातांना मुंग्या यायच्या, शर्टाची बटणं लागेनात. सगळे म्हणाले, वय झालं. पुढे ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा कुठे या आजाराचं निदान झालं. टाफामिडिस या औषधाने नवा साठा मंदावतो, जुना निघत नाही. म्हणून साठीनंतर दोन्ही मनगटांत कार्पल टनेल (मनगटातली नस दबण्याचा त्रास) निघालं, तर डॉक्टरांना हृदयाबद्दलही विचाराच.