मदत हवी आहे: रास्पबेरी पायवर स्टँडर्ड ओएस टाकायची आहे, डेटा पार्टिशन कसं वाचवायचं?

मंडळी, भोसरीतल्या एका शॉपमध्ये फर्नेसचं तापमान नोंदवणारे सहा रास्पबेरी पाय 3 बी प्लस (छोटे एका बोर्डाचे कॉम्प्युटर) आहेत. सगळ्यांवर व्हेंडरची कस्टम इमेज: बस्टर ही जुनी ओएस आवृत्ती, वर त्यांनीच कंपाइल केलेला कर्नल (ओएसचा गाभा). एपीटीने (अपडेट बसवणारं साधन) कर्नल बदलला की आरटीसी (वीज गेली तरी वेळ राखणारी घड्याळाची चिप) गायब! आता साधी बुकवर्म लाइट (रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप नसलेली आवृत्ती) टाकून बाकीचं एका स्क्रिप्टने बसवायचं ठरलंय. कस्टम कर्नलची मुळात गरजच नव्हती. डीएस3231 या आरटीसी चिपसाठी कॉन्फिग फाइलमध्ये एक डीटीओव्हरले (जोडलेलं हार्डवेअर सांगणारी) ओळ पुरते. आरएस485 (सिरियल जोडणी) साठी डिसेबल-बीटी ही ब्लूटूथ बंद करणारी ओळ लावली की जीपीआयओ 14-15 या पिनांवर मिनी-यूआर्ट या साध्या सिरियल पोर्टऐवजी पीएल011 हा पूर्ण पोर्ट येतो आणि बॉड रेट (सिरियलचा वेग) कोअर क्लॉकबरोबर हलत नाही.

घोडं अडलंय एसडी कार्डावर. गुरुवारी वीज जाते, म्हणून रूट (ओएसचं पार्टिशन) रीड-ओन्ली हवं. पण रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातून ओव्हरले (लिखाण कार्डाऐवजी रॅममध्ये नेणारा थर) चालू केलं की एफएसटॅबमधली (पार्टिशन्सची यादी असलेली फाइल) इतर पार्टिशन्सही त्याखाली जातात. नोंदी रॅममध्ये, रीबूटला साफ. सीएमडीलाइनमध्ये (बूटवेळी कर्नलला दिलेल्या पर्यायांची फाइल) ओव्हरलेरूट या ओव्हरले बसवणाऱ्या पॅकेजच्या पर्यायापुढे 'रिकर्स=0' लिहिलं तर डेटा पार्टिशन सुटतं. मात्र अपडेटसाठी ओव्हरले बंद-चालू केलं की रास्पी-कॉन्फिग ती ओळ परत आपल्या पद्धतीने लिहितं का? त्याऐवजी ओव्हरलेरूटच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणी हे ठेवलंय का?

दुसरं, पहिल्या बूटला रूट पार्टिशन अख्खं कार्ड खातं, तिसऱ्या, म्हणजे डेटा पार्टिशनला जागाच उरत नाही. सीएमडीलाइनमधला फर्स्टबूटचा (रूट वाढवणारा) भाग आधीच काढून पार्टिशन हाताने करावं, की याहून सरळ मार्ग आहे? पेन ड्राइव्ह सुचवू नका, प्रेस मशिनच्या हादऱ्याने निघतो.