रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

गोळीबारचौकवाला
आमच्या घरी दोन पिढ्यांनी सूत रंगवलं. पोरगी एमएस्सीच्या प्रोजेक्टला मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात पॉलिॲनिलीन या पॉलिमरचा थर चढवलेली, उन्हात रंग तोडणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड टाकते अन् बीकर गच्चीवर ठेवते. दुपारपर्यंत पाणी नितळ! नुसती पूड उन्हातला अतिनील भागच घेते, तो जेमतेम ४-५ टक्के. पॉलिमरमुळे दिसणारा उजेडही कामी येतो. नागपुरात उन्हाला काय तोटा? रंगाऱ्यांच्या गल्लीत अशा टाक्या काहून नाही बसवायच्या?

ईटीपीतला माणूस
भाऊ, मी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात, काम करतो. मेथिलीन ब्लू लाडावलेला रंग आहे. तो स्वतःच उजेड शोषतो, उत्प्रेरकाशिवायही, म्हणजे त्या पुडीशिवायही, थोडा फिका पडतो. खऱ्या हौदात सुताला पक्के चिकटणारे रिॲक्टिव्ह रंग, लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ, वर सोडा. उजेडात पुडीवर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, तेच रंग तोडतात; मिठातलं क्लोराइड अन् सोड्यातलं कार्बोनेट त्यांना मधेच गिळून टाकतात. गडद पाण्यात ऊन दोन बोटंही उतरत नाही. अन् रंगाच्या रेणूतला ॲझो बंध (नायट्रोजनची जोडी) तुटला की रंग जातो, बेंझिनची कडी राहू शकते. डोळ्यांनी नका ठरवू, सीओडी मोजा, म्हणजे पाण्यात उरलेली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते.

गोळीबारचौकवाला
मीठ मान्य. पण तुम्ही चुना-तुरटी टाकून रंग गाळात बसवता, तो गाळ कुठं जातो? नाहीसा तर नाही झाला ना!

ईटीपीतला माणूस
गाळ निदान पोत्यात भरता येतो. रॅडिकलला रंग कोणता अन् पॉलिमर कोणता, हे कळत नाही. थरही कुरतडला जातो. तो भुगा नागनदीतून कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्द धरणाला.

प्रयोगशाळेतली ताई
दोघंही टोकाला जाताय. सुटी पूड २०-२५ नॅनोमीटरची, फडक्यातून गाळून निघत नाही. काचेवर पॉलिमरने धरून ठेवली तर वाहून जायची भीती कमी. थर झिजतो हे खरं. म्हणून तीच काचेची पट्टी पुनःपुन्हा वापरून बघा, पहिल्या दिवसाचा आकडा सगळेच छापतात. आणि मूळ हौदाला हात लावू नका. शेवटच्या खळवणीचं, म्हणजे रंगवलेलं सूत शेवटी धुतलेलं, पाणी घ्या: रंग फिका, मीठ कमी.

गोळीबारचौकवाला
हे पटलं बाप्पा. काकाकडून खळवणीचं पाणी आणतो उद्या. सीओडी कॉलेजातच करते ती.

ईटीपीतला माणूस
सीओडी करताना मर्क्युरिक सल्फेट टाकायला सांगा. नाही तर उरलेल्या मिठानंच आकडा फुगेल, अन् दोष माझ्यावर येईल. अन् चाचणीचं ते पाणी सांडू नका, त्यात पारा असतो.